जुन्या संगणकावरचा खर्च: कुठे थांबतो, कुठे वाढत जातो

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. सुरक्षेतली भगदाडं बुजवणारे अपडेट मात्र आपोआप यायचे थांबले. ज्यांचं मशीन विंडोज ११च्या अटींत बसत होतं ते पुढे सरकले. उरलेल्यांना स्क्रीनवर 'तुमचा पीसी पात्र नाही' अशा अर्थाचा निरोप मिळाला. नेमक्या त्याच सुमाराला रॅमचे भाव चढायला लागले. सुधारणेची निकड आणि सामानाची महागाई अशी दोन्ही एकदमच आली.

मग घरात चर्चा सुरू होते. दुकानदार म्हणतो, आता यात काही राम नाही, नवा घ्या. कॉलेजात जाणारा भाचा म्हणतो, नुसती रॅम टाक, पळेल. शेजारचे म्हणतात, एसएसडी लावा. गंमत म्हणजे तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. 'जुना संगणक अपग्रेड करायला किती खर्च येतो?' या प्रश्नाला एक आकडा असं उत्तर नसतंच. एखादा भाग बदलला की खर्च तिथेच संपतो. दुसरा एखादा बदलायला घेतला की तो आणखी तिघांना ओढून आणतो. हिशेब चुकतो तो बहुधा इथे, कारण आपण भागाची किंमत विचारतो आणि तो भाग आपल्यासोबत काय काय बदलायला लावेल हे विचारायचं राहून जातं.

## आधी डब्याच्या आत काय असतं

मदरबोर्ड म्हणजे मोठी हिरवी किंवा काळी पाटी. बाकी सगळं तिच्यावर बसतं किंवा तिला वायरीने जोडलेलं असतं. प्रोसेसर आकडेमोड करतो आणि तो बोर्डावरच्या एका चौकोनी खाचेत बसतो. त्या खाचेला सॉकेट म्हणतात. रॅम ही चालू कामाची तात्पुरती जागा, वीज गेली की ती रिकामी होते. फोटो, फायली, खुद्द विंडोज हे सगळं कायमचं राहतं ते डिस्कवर. ही डिस्क फिरत्या तबकड्यांची असेल तर हार्ड डिस्क, नुसत्या चिपांची असेल तर एसएसडी. या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस.

एवढी ओळख पुरे. बाकीचे शब्द वाटेत येतील तसे पाहू.

## नळ बदलायचा, पण आटे जुळत नाहीत

जुन्या घरात नळ गळायला लागतो. नवा नळ आणावा, तर त्याचे आटे जुन्या पाइपाला बसत नाहीत. पाइप बदलावा तर तो भिंतीत गेलेला. भिंत फोडावी तर वरच्या टाइल्स आता मिळत नाहीत. नळाची किंमत तीच राहिली, पण खर्च न्हाणीघराचा झाला.

संगणकात हे आटे म्हणजे सॉकेट आणि स्लॉट (पट्ट्या किंवा कार्डं खोचायच्या लांबट खाचा). ते दर काही वर्षांनी बदलतात आणि एकदा बदलले की मागच्या पिढीचं सामान पुढच्या पिढीच्या बोर्डावर बसत नाही. रॅमचंच पाहा. डीडीआर३ साधारण २००७पासून, डीडीआर४ २०१४पासून, तर डीडीआर५ २०२१च्या आसपास घरगुती संगणकांत आली. तिन्ही पट्ट्या लांबून सारख्याच दिसतात. पण खालच्या सोनेरी दातांमधली खाच प्रत्येकीत वेगळ्या जागी असते. ही खाच मुद्दाम सरकवलेली असते, म्हणजे चुकीची पट्टी जोर लावूनही बसू नये. व्होल्टेजही वेगळं असतं. डीडीआर३ला दीड व्होल्ट लागतो, डीडीआर४ला १.२ आणि डीडीआर५ला १.१.

डिस्कचं तसं नाही. गेल्या पंधरा-सतरा वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक घरगुती डेस्कटॉपमध्ये साटा नावाची एकच जोडणी मिळते. म्हणून डिस्क बदलली की खर्च तिथेच थांबतो आणि प्रोसेसर बदलायला घेतला की वाढत जातो.

## पैसे काढण्याआधी: मशीन अडतंय कशात?

हे पाहायला एक पैसा लागत नाही. संगणक नेहमीसारखा वापरात असताना, म्हणजे ब्राउझर, मेल, एखादी कागदपत्रांची फाइल उघडी असताना, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. दहाएक मिनिटं नेहमीची कामं करत करत तिकडे नजर ठेवा.

डिस्क वारंवार शंभर टक्क्यांना चिकटत असेल आणि बाकी दोघं निवांत असतील, तर दुखणं डिस्कचं आहे. मेमरी सतत पंच्याऐंशी-नव्वदच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. सीपीयू साध्या कामालाही शंभरवर जात असेल तर प्रोसेसर थकलाय म्हणायला जागा आहे. पण थांबा, तोही कधीकधी निर्दोष असतो. पंख्यात आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते. प्रोसेसर प्रमाणाबाहेर तापला की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. अशा मशीनला नवा प्रोसेसर लागत नाही. ब्रश, हवेचा झोत आणि प्रोसेसरवर लावायची थोडी थर्मल पेस्ट एवढ्यावर भागतं.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपचं पान आहे. संगणक सुरू होताना कोण कोण न बोलावता हजर होतं त्याची ती यादी. प्रिंटरचा मदतनीस, एखाद्या विसरलेल्या गेमचा लाँचर, दोन-दोन अँटिव्हायरस. नको ते बंद करा. आणि विंडोजची ड्राइव्ह काठोकाठ भरली असेल तर आधी ती मोकळी करा. हे सगळं करूनही मशीन रखडत असेल, तर मग खिशात हात घालायला हरकत नाही.

## हार्ड डिस्क काढून एसएसडी

तुमच्या संगणकात अजून फिरती हार्ड डिस्क असेल आणि विंडोज तिच्यावर असेल, तर पुढचं सगळं नंतर वाचा. आधी हे करा.

कारण साधं यंत्रशास्त्र आहे. घरगुती डेस्कटॉपची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती नेमकी वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद जातात. शिवाय ते टोक तबकडीवर योग्य ठिकाणी सरकायला साधारण आणखी आठेक. एका ठिकाणाहून काही उचलायचं तर बारा मिलिसेकंद गेले. या गतीने सेकंदाला ऐंशी-पंच्याऐंशी ठिकाणी जाता येतं, जास्त नाही.

आता विंडोज सुरू होताना, किंवा ब्राउझर उघडताना, एक मोठी फाइल वाचली जात नाही. इथला एक तुकडा, तिथला एक तुकडा असे हजारो बारीक तुकडे गोळा करावे लागतात. समजा दहा हजार वेगवेगळ्या ठिकाणी जायचं आहे. सेकंदाला ऐंशी या हिशेबाने दोन मिनिटं लागतील. प्रत्यक्षात विंडोज शक्य तेवढे तुकडे जवळजवळ मांडून ठेवतं, त्यामुळे आकडा हलतो, पण अंदाज यायला एवढं पुरे. एसएसडीत फिरणारं, सरकणारं काहीच नसतं. अगदी साधी एसएसडीही सेकंदाला हजारो ठिकाणी जाऊन येते. मशीन सुरू करून चहाला जायची सवय लागलेल्या माणसाला हा फरक स्टॉपवॉच न लावताही कळतो.

खोक्यावर छापलेला वेग मात्र वेगळाच असतो आणि तोच पाहून माणसं गोंधळतात. साटा एसएसडीवर सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट लिहिलेलं असतं. एनव्हीएमई या नव्या जातीवर ३,५०० किंवा त्याहून जास्त. मग ती सहापट चांगली का? मोठमोठे व्हिडिओ इकडून तिकडे हलवणाऱ्याला, हो. रोजच्या कामात मात्र हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येणं ही मोठी उडी आहे आणि साटावरून एनव्हीएमईवर जाणं फारसं जाणवतही नाही. शिवाय एनव्हीएमईला बोर्डावर एम.२ नावाची खाच लागते. २०१४-१५च्या आधीच्या बहुतेक बोर्डांवर ती नसते, आणि जोडकार्ड लावून बसवली तरी जुनं बायोस (बटण दाबताच विंडोजच्या आधी जागा होणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) तिच्यावरून विंडोज सुरू करू शकेलच असं नाही. म्हणजे पुन्हा आटे जुळवत बसणं आलं. जुन्या मशीनला साधी अडीच इंची साटा एसएसडी बरी.

बसवायचं कामही अवघड नाही. कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झाकणी दोन स्क्रूंवर असते. आत डिस्कला दोन वायरी जोडलेल्या दिसतील. एक अरुंद, माहिती वाहणारी आणि एक रुंद, विजेची. दोन्हींच्या तोंडाला आतून इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचं वळण असतं, त्यामुळे उलट्या लागत नाहीत. जुनी डिस्क ठेवून तिच्या शेजारी एसएसडी लावायची, क्लोनिंगच्या प्रोग्रॅमने सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, आणि बायोसमध्ये सुरुवात एसएसडीवरून कर म्हणून सांगायचं. महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी वेगळ्या ठिकाणी काढून ठेवायची. क्लोन करताना 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

एक धोका मात्र ओळखून असा. अविश्वसनीय क्षमता क्षुल्लक किमतीत देणारी अनोळखी एसएसडी दिसली, तर आत बहुधा छोटं मेमरी कार्ड असतं आणि त्याला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. ती भरत जाते, कॉपी झाल्याचंही दाखवते आणि फायली उघडायला गेलं की त्या नसतातच.

## 'रॅम वाढवली की वेग वाढतो ना?'

कमी पडत असेल तरच. आठ जीबी रॅममधली चारच वापरात येत असेल तर सोळा जीबी टाकून हाती काही लागत नाही. पण रॅम खरंच अपुरी असली, की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवतं आणि हवा तेव्हा परत आणतं. डिस्क फिरती असेल तर या ये-जा करण्यात मशीन अक्षरशः गुदमरतं. म्हणूनच एसएसडी लावल्यावर कित्येकांची रॅमची तक्रारही निम्मी होते. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

साध्या वापराला, म्हणजे ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल, कागदपत्रं एवढ्याला, आठ जीबीत रेटता येतं, सोळा जीबीत मोकळेपणा येतो. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर एकूण किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत हेही दिसतं. एक रिकामा असेल तर आहे त्याच जातीची, शक्यतो त्याच क्षमतेची दुसरी पट्टी लावली की काम झालं. दोन्ही पट्ट्यांशी प्रोसेसर एकाच वेळी बोलतो, तो फायदा वर. फार जुन्या मशीनवर बत्तीस बिटांची विंडोज असते. तिला चार जीबीच्या पुढची रॅम दिसतच नाही, म्हणून पट्टी घेण्याआधी तेही तपासा.

रॅमवरचा खर्चही तिथेच थांबणारा, आणि एरवी किरकोळ. पण २०२५च्या उत्तरार्धापासून चित्र बदललं. जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना एचबीएम नावाची एकावर एक थर रचलेली खास मेमरी लागते, आणि तितक्याच क्षमतेसाठी ती साध्या रॅमपेक्षा कितीतरी जास्त सिलिकॉन खाते. कारखाने तेच, त्यामुळे घरगुती पट्ट्यांच्या वाट्याला कमी येऊ लागलं. डीडीआर४ जुनी म्हणून स्वस्त होईल असं वाटत होतं, पण कंपन्या तिचं उत्पादन आवरतं घेत होत्या, तेव्हा तिचेही भाव चढले. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं.

सामान्य माणसाने यातून घ्यायचं ते एवढंच की 'असू दे, पुढे लागेल' म्हणून रॅम भरून ठेवायचे दिवस सध्या नाहीत. वापरलेली पट्टी घ्यायला हरकत नाही. तिच्यात झिजणारं काही नसतं आणि मेमटेस्ट८६सारख्या प्रोग्रॅमने ती रात्रभर तपासून घेता येते. वापरलेली हार्ड डिस्क किंवा वापरलेला एसएमपीएस मात्र फुकट मिळाला तरी मी मुख्य मशीनला लावणार नाही.

## प्रोसेसर: इथून साखळी सुरू होते

इंटेलचे दोन प्रोसेसर घेऊ. आय५-७४०० आला जानेवारी २०१७मध्ये. आय५-८४०० आला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. (डॅशनंतरचा पहिला आकडा पिढी सांगतो: सात म्हणजे सातवी, आठ म्हणजे आठवी. पुढे १०४०० आला की पहिले दोन आकडे.) दोघांच्याही सॉकेटला १,१५१ टोकं. दोघांचीही रॅम डीडीआर४. पहिल्यात चार कोर, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे भाग, दुसऱ्यात सहा. मग सात हजारांच्या मालिकेतला काढून आठ हजारांच्या मालिकेतला बसवता येईल? आकाराने बसेलही, पण चालणार नाही. आठव्या पिढीसाठी इंटेलने त्या टोकांतली काहींची कामं बदलली आणि तिच्यासाठी वेगळे बोर्ड काढले.

म्हणजे सातव्या पिढीचं मशीन असलेल्याला त्याच बोर्डावर पुढे जायला वाट नाही. त्याला बोर्ड बदलावा लागतो. आजचा नवा बोर्ड घेतला तर बहुधा डीडीआर५ मागतो, म्हणजे रॅम गेली, आणि तीही आजच्या भावात. नव्या बोर्डाच्या वीजजोडणीला जुना एसएमपीएस पुरेलच असं नाही. ब्रँडेड मशीन असेल तर कॅबिनेटचे स्क्रू आणि पुढच्या बटणाच्या वायरीसुद्धा त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाच्या निघतात. शेवटी जुन्यातलं उरतं काय, तर पत्र्याचा डबा, कीबोर्ड आणि मॉनिटर.

यात एक खर्च कुणी सांगतच नाही, तो लायसन्सचा. संगणकासोबत आलेलं विंडोजचं लायसन्स बहुतेक वेळा मदरबोर्डाला बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की विंडोजच्या दृष्टीने ते दुसरंच मशीन. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स असेल तर ते नव्या बोर्डावर नेता येतं.

आणि पैशांपेक्षा महाग पडणारी एक गोष्ट म्हणजे बिटलॉकर. ही विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय. काही मशीनवर ती मालकाच्या नकळत सुरू असते. बोर्ड बदलला, कधीकधी तर नुसतं बायोस अपडेट केलं, तरी ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. पाना हातात घेण्याआधी ती सापडते का हे पाहा, नाहीतर डिस्क ठणठणीत आणि फोटो बंद अशी अवस्था होते.

अपवादही सांगायला हवा. एएमडीने एएम४ हे सॉकेट २०१६-१७पासून बराच काळ चालवलं. त्यावर रायझन १००० मालिकेपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर बसतात, आणि २०२२मध्ये कंपनीने सर्वांत जुन्या एएम४ बोर्डांनाही ५००० मालिका चालवायला परवानगी दिली. बोर्ड बनवणाऱ्याने त्या मॉडेलसाठी नवं बायोस काढलेलं असेल, तर तेवढं अपडेट करून जुना प्रोसेसर उचलायचा आणि नवा ठेवायचा. बोर्ड तोच, रॅम तीच. ज्यांच्याकडे असं मशीन आहे त्यांचा खर्च प्रोसेसरपाशीच थांबतो. 'प्रोसेसर बदलणं कधीच परवडत नाही' असं सरसकट म्हणणाऱ्यांना हे दाखवावं.

## विंडोज ११ नको म्हणतंय, मग?

अटी मोठ्या नाहीत, पण हटवादी आहेत. चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी जागा तर कुणाकडेही असते. अडतं ते दोन ठिकाणी. एक, टीपीएम २.०, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी छोटीशी तिजोरी. दोन, प्रोसेसरची मान्य यादी, जी ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझनच्या २००० मालिकेपासून सुरू होते. साधारण २०१८च्या आधीचं मशीन बाहेर राहतं ते यामुळे.

टीपीएमवर मात्र लगेच हार मानू नका. बऱ्याच बोर्डांत ती सोय असते, पण बंद ठेवलेली. बायोसमध्ये इंटेलच्या मशीनवर ती पीटीटी नावाने सापडते, एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम नावाने. प्रोसेसर यादीत असेल तर तिथे एक खूण बदलली की खर्च शून्य.

प्रोसेसर यादीत नसेल तर? पळवाटांनी विंडोज ११ टाकता येतं, हे खरं. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि २४एच२ या आवृत्तीपासून तर फार जुन्या, कोअर २ च्या काळातल्या प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही आज्ञा त्यांना येतच नाहीत. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात तिथे अशा टेकूवर उभं राहू नये, असं माझं मत.

सरळ वाट म्हणजे विंडोज १०ची वाढीव सुरक्षा योजना. घरगुती वापरकर्त्यांना तिच्यात १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. शुल्क भरून नाव नोंदवता येतं, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर शुल्काशिवायही. ही तजवीज मुदतीची आहे, पण महागाईच्या लाटेत थोडा वेळ काढायला ती कामाची.

दुसरी वाट लिनक्सची. लिनक्स मिंटसारखी आवृत्ती दहा-बारा वर्षांच्या मशीनवरही नीट चालते, फुकट असते आणि पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं त्याला दोन दिवसांत सवय होते. ज्याचं पोट एखाद्या ठरावीक विंडोजच्या प्रोग्रॅमवर आहे, विशेषतः हिशेबाच्या किंवा डिझाइनच्या, त्याने हा नाद करू नये.

## ग्राफिक्स कार्ड

पडद्यावरचं चित्र तयार करायचं काम करणारं हे वेगळं कार्ड. गेम खेळत नसाल, व्हिडिओ संकलन करत नसाल, तर हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. बोर्डावरच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढचं कार्ड एसएमपीएसमधून वेगळी वायर मागतं, जुन्या एसएमपीएसला ती नसते, आणि तो बदलायला जावं तर ब्रँडेड मशीनमध्ये त्याचं मापच निराळं. हीही साखळीच. शिवाय कार्ड दमदार आणि प्रोसेसर जुना असला की कार्ड निम्मा वेळ प्रोसेसरची वाट पाहत बसतं.

## लॅपटॉपवाल्यांसाठी

खालचं झाकण उघडण्याआधी मॉडेलच्या नावाने सर्व्हिस मॅन्युअल शोधा. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाख दिलेली असते. तिथे वाढवण्याचा प्रश्नच मिटतो. प्रोसेसरही जवळपास नेहमी तसाच. बदलता येतात ते एसएसडी, बॅटरी आणि काही मॉडेलमध्ये रॅम. फुगलेली बॅटरी असेल, म्हणजे टचपॅड वर उचलल्यासारखं दिसत असेल, तर तो अपग्रेडचा विषय राहत नाही. लॅपटॉप चार्जरला लावणं बंद करा आणि आधी बॅटरी काढून घ्या.

## 'एवढ्या उठाठेवीपेक्षा नवाच घेतला तर?'

रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एकूण रकमेत शोधलं की चुकतं. वर्षाचा हिशेब मांडा. समजण्यापुरतं नव्या संगणकाची किंमत १०० धरू आणि तो सात वर्षं चालेल असं मानू, म्हणजे वर्षाला साधारण १४ पडतात. जुन्यावर २० खर्च करून तो तीन वर्षं निभावला तर वर्षाला सातच्या आत. हा सौदा चांगला. पण साखळी ओढत ओढत ४५ गेले आणि दोन वर्षांनी दुसरंच काही अडलं, तर वर्षाला साडेबावीस झाले, नव्यापेक्षाही महाग. आपापले भाव यात घालून पाहा. खरा कळीचा आकडा 'किती वर्षं निभावेल' हा आहे, आणि तो सांगताना माणूस स्वतःशी थोडं खोटं बोलतो.

वीज हाही मुद्दा लोक काढतात. जुना डेस्कटॉप नव्या छोट्या मशीनपेक्षा ५० वॅट जास्त खातो असं धरा. रोज सहा तास म्हणजे दिवसाला ०.३ युनिट, वर्षाला सुमारे ११० युनिटं. तुमच्या दराने गुणा. दिवसभर चालणाऱ्या मशीनला हा आकडा दखल घेण्याजोगा होतो, संध्याकाळी तासभर लावणाऱ्याला नाही.

आणि तिसरा पर्याय आहे, जो दुकानदार आणि भाचा दोघेही विसरतात. मोठी कार्यालयं ठरावीक वर्षांनी सगळी मशीनं एकदम बदलतात आणि ती साफसूफ होऊन रिफर्बिश्ड म्हणून विकायला येतात. त्यांतलं आठव्या पिढीचं किंवा पुढचं मशीन विंडोज ११च्या यादीत बसतं, लायसन्स बोर्डासोबतच येतं, आणि पुष्कळदा ते जुन्या मशीनचा बोर्ड-प्रोसेसर-रॅम बदलण्याच्या खर्चात किंवा त्याहून कमीत पडतं. तुमची साटा एसएसडी त्यात लागते. डीडीआर४ पट्टीही, खाचेचा आकार जुळत असेल तर, कारण छोट्या डब्यांच्या मशीनांत लॅपटॉपची आखूड रॅम असते. एवढं पाहून घ्या, आणि विक्रेत्याकडून प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या. नुसतं 'आय५ आहे' या शब्दाला अर्थ नाही. पंधरा वर्षांपूर्वीचाही आय५च होता.

## जुन्या डिस्कचं काय करायचं

मशीन बदललं किंवा डिस्क काढली की ती तशीच भंगारात देऊ नका. फाइल डिलीट केल्याने किंवा झटपट फॉरमॅट मारल्याने माहिती जात नाही, फक्त ती कुठे आहे याची नोंद पुसली जाते. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनी ती परत काढता येते. फिरत्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅटचा पर्याय काढून पूर्ण फॉरमॅट चालवा. मग प्रत्येक जागेवर शून्यं लिहिली जातात, त्याला काही तास लागतात. एसएसडीला ही पद्धत नीट लागू पडत नाही, तिच्यासाठी कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये सिक्युअर इरेज नावाची आज्ञा असते. डिस्क सुरूच होत नसेल तर झाकण उघडून तबकड्यांवर ओरखडे ओढायचे, मगच ती ई-कचऱ्यात टाकायची. आणि चालू असेल तर जुन्या फोटोंची दुसरी प्रत म्हणून ती कपाटात ठेवायला हरकत नाही. एकुलती एक प्रत मात्र तिच्यावर ठेवू नका.